ट्रकपलीकडचं मोबाइलवर बघून ओव्हरटेक? जीव जाईल!

सध्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "हे ॲप टाका, पुढच्या ट्रकच्या कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र तुमच्या मोबाइलवर दिसेल. ५जीमुळे डिले शून्य. इंटरनेटही लागत नाही. घाटात बिनधास्त ओव्हरटेक करा." सोबत पाठीवर स्क्रीन लावलेल्या ट्रकचा व्हिडिओ. माझा चुलतभाऊ मार्केट यार्डातून ताम्हिणीमार्गे माणगावला टेम्पो नेतो. "दादा, टाकू का हे?" असं त्याने विचारलं, म्हणून हे लिहितोय.

व्हिडिओतला ट्रक खरा आहे, एवढं मान्य. सॅमसंगने २०१५ मध्ये अर्जेंटिनात तो दाखवला होता. पण त्यात चित्र जातं ते त्याच ट्रकच्या मागच्या चार स्क्रीनवर. मागच्या गाडीतल्या मोबाइलशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

"डिले शून्य" हे सगळ्यात घातक. चित्र टिपायचं, कॉम्प्रेस करायचं, पाठवायचं, उलगडून दाखवायचं, या प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या टीएस २२.१८६ या मानकात गाड्यांमधल्या व्हिडिओसाठी किमान अपेक्षा दिली आहे: सेकंदाला १० मेगाबिट, ५० मिलिसेकंदांच्या आत, ९० टक्के विश्वासार्हता. शून्य तिथेही नाही, आणि हे नुसतं उद्दिष्ट आहे. ॲपचं चित्र टॉवर, सर्व्हर, पुन्हा टॉवर असं फिरून येतं, त्यात सेकंदभर सहज जातो. समोरासमोरच्या दोन गाड्या ताशी ६०ने येत असतील, तर तेवढ्यात त्यांच्यातलं अंतर ३३ मीटरने घटतं.

त्याहून वाईट म्हणजे हरवलेली पॅकेट, म्हणजे व्हिडिओचे वाटेत गहाळ झालेले छोटे तुकडे. टीसीपी (हरवलेलं पुन्हा मागवणारी पाठवण्याची पद्धत) वापरलं तर हरवलेलं पॅकेट पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं अडकतं. यूडीपीवर आरटीपी (हरवलेल्याची वाट न बघता लाइव्ह व्हिडिओ पाठवायची पद्धत) वापरलं तर थांबावं लागत नाही, पण व्हिडिओत बहुतेक फ्रेममध्ये फक्त झालेला बदल पाठवलेला असतो. मधलं काही हरवलं की पुढची की-फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्र असलेली फ्रेम, येईपर्यंत चित्र फाटतं किंवा गोठतं. गोठलेल्या चित्रात रस्ता मोकळाच दिसतो! वळणावरून एसटी आलेली असते आणि स्क्रीनवर ती नसतेच. ताम्हिणीत साध्या कॉलला रेंज टिकत नाही, तिथे याच्या भरवशावर गाडी बाहेर काढायची?

"इंटरनेट लागत नाही" हे अर्धसत्य. टॉवरशिवाय गाडी थेट गाडीशी बोलू शकते, सी-व्ही२एक्स या गाड्यांच्या आपसातल्या संपर्काच्या तंत्रात तशी सोय आहे. पण त्यासाठी दोन्ही गाड्यांत तसा रेडिओ हवा. आपल्या खिशातल्या मोबाइलवर नुसतं ॲप टाकून तो येत नाही, आणि पुढच्या ट्रकमध्ये तो नसेल तर तुमच्या गाडीत असूनही उपयोग शून्य.

राहिली मेसेजमधली लिंक. ते ॲप सुरू होण्याआधीच कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं. ट्रकपुढचा रस्ता दाखवायला तुमच्या नातेवाइकांचे नंबर लागत नाहीत. टाकलं असेल तर आजच काढून टाका.