वळचणीचं पाणी आढ्याला

मी जन्मापासून मुंबईत आहे, म्हणजे 47 वर्षं, आणि एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यावर छप्पर असं कधी आलंच नाही. घर आहे. कांजूरमार्गला आहे, कर्ज फिटलंय, पाणी सकाळी पावणेसहा ते साडेसात. पण चार मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला छप्पर नसतं, सीलिंग असतं. आणि तेही त्याचं कुठे? आमचं सीलिंग म्हणजे वरच्या काकूंच्या बाथरूमची खालची बाजू. तिथून गळतं. काकू म्हणतात, पाणी गच्चीवरून येतंय. गच्ची आणि आम्ही यांच्या मधे काकू धरून दोन मजले आहेत, आणि ते दोन्ही कोरडे आहेत.

खरं छप्पर सोसायटीचं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमच्या गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, जो फुटला, तो आजतागायत प्रत्येक सर्वसाधारण सभेत फुटतोच आहे. तीनदा वॉटरप्रूफिंग झालं, मग वर निळ्या पत्र्यांची शेड आली. छप्पर ही इतिवृत्त वाचून झाल्यावर आणि आयत्या वेळच्या विषयांच्या आधी भांडायची गोष्ट आहे, अशीच माझी समजूत होती. ते आपल्याला स्वतः करावं लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पण गेल्या श्रावणात आमच्या गावच्या घराची मागची बाजू बसली. गाव कुडाळ तालुक्यात. घर आजोबांचं, वारस सात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एक. चार दिवस सगळ्यांनी रडक्या बाहुल्या पाठवल्या, पाचव्या दिवशी 'नवीन बांधूया' असं ठरलं आणि सहाव्या दिवशी 'प्लॅन कोण काढणार' असा प्रश्न आला. मी एकदा गणपतीच्या खर्चाचं एक्सेल केलं होतं. तेवढ्या पुण्याईवर मला आर्किटेक्ट नेमण्यात आलं. ठाण्याच्या चुलतभावाने लगेच एका घर-डिझाइनच्या सॉफ्टवेअरची लिंक धाडली. तीस दिवस फुकट. खाली त्याने लिहिलं होतं, 'ताई, फक्त भिंती काढ. छप्पर आपोआप येतं.'

घर पाहावं बांधून म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने आधी हे सॉफ्टवेअर पाहायला हवं होतं.

पहिल्या रात्री भिंती काढल्या. ओटी, माजघर, देवघर, दोन खोल्या, मागे काटकोनात वळलेलं स्वयंपाकघर. 'ऑटो रूफ' या चौकोनात टिचकी मारली. काहीच झालं नाही. परत मारली. दोन तास शोधल्यावर कळलं की माजघराच्या कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना टेकल्याच नव्हत्या, केसाएवढी फट होती. आणि या सॉफ्टवेअरचा नियम असा की भिंतींनी चारी बाजूंनी बंद झाली तरच ती खोली; नाहीतर ते अंगण, आणि अंगणाला छप्पर नाही. फट बुजवली. क्षणात अख्ख्या घरावर छप्पर उभं राहिलं. रात्रीचा सव्वा वाजला होता. मी नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे. गळतं का?"

सकाळी नीट पाहिलं तर ते चौपाखी होतं. म्हणजे बाहेरच्या प्रत्येक भिंतीने आपापलं पाखं, छपराची उतरती बाजू, वर उचललं होतं. आमचं जुनं घर दुपाखी. दोन बाजूंना उतार, दोन बाजूंना त्रिकोणी भिंती. दुपाखी हवं असेल तर त्या दोन भिंतींना एकेक करून सांगावं लागतं की बाई गं, तू पाखं उचलू नकोस, तू सरळ आढ्यापर्यंत, छपराच्या माथ्यापर्यंत, वर जा. सांगितलं. एका भिंतीने ऐकलं. दुसरी दोन तुकड्यांची होती, कारण खिडकी मापात बसवताना मी ती मधेच तोडून दोन इंच आत ढकलली होती. सॉफ्टवेअरने त्या दोन इंचांचा मान राखला. त्यांच्यासाठी स्वतंत्र पाखं, स्वतंत्र आढं, शेजारी छोटीशी पन्हळ. चिमणीला भाड्याने द्यावं असं ते छप्पर होतं.

आता उतार. 'पिच' असा रकाना होता, त्यात आधीपासून 8 लिहिलेलं. आठ अंश? कोकणात? मी तात्यांना फोन केला. तात्या म्हणजे माझे थोरले काका, वय 81, गावातच असतात. ते म्हणाले, तीस तरी होया. मी 8 खोडून 30 घातले.

घराची रुंदी 24 फूट, भिंतींची उंची 10. त्यावर जे छप्पर आलं ते एकट्याने 30 फूट उंच होतं. खाली बसकं घर आणि वर असं टोक, की विमानतळवाल्यांनी लाल दिवा लावायला सांगावा. फोटो ग्रुपवर गेला. तात्यांचा व्हॉइस मेसेज आला, "गो चेडवा, ह्या घर आसा काय देऊळ?"

कोडं सोडवलं ते आमच्या दहावीतल्या चिरंजीवांनी, आणि तेही दूध पिता पिता. तो रकाना अंशांचा नव्हताच. आडवं बारा गेलं की उभं किती चढायचं, तो आकडा तिथे घालायचा. अमेरिकेतले सुतार उतार असाच मोजतात, बाराला आठ, बाराला सहा. म्हणजे मूळचे ते आठ जवळजवळ 34 अंशांचे होते, अगदी शहाण्यासारखे. आणि मी बाराला तीस घालून 68 अंशांचा कडा उभा केला होता. "टॅन थीटा, आई," तो म्हणाला, "बारा गुणिले टॅन तीस, सहा पूर्णांक त्र्याण्णव. सात घाल." मी सात घातले. छप्पर खाली आलं, सात फुटांवर बसलं. माझ्या दहावीत हे टॅन थीटा आयुष्यात कुठे लागणार असं विचारल्याबद्दल मी वर्गाबाहेर उभी राहिले होते. उत्तर यायला एकतीस वर्षं लागली.

इकडे ग्रुपवर कौलं की पत्रे हा वाद पेटला. कौलांच्या बाजूने परंपरा, पत्र्यांच्या बाजूने माकडं. पुण्याच्या आत्येबहिणीने 'आपल्या पूर्वजांची मंगलोरी कौलं' यावर मोठा परिच्छेद लिहिला. मला राहवलं नाही, मी लिहिलं की मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना 1865 मध्ये बासेल मिशनच्या ख्रिस्ती मिशनरी मंडळींनी काढला. आपल्या पूर्वजांच्या घरावर त्याआधी कुंभाराच्या हातचे नळे असणार. ग्रुप दोन दिवस गप्प होता. मग तात्यांनी सांगून टाकलं, "माकडां कौलां फोडतत. शाकारूक माणसां मेळनत नाय. तरी कौलांच." विषय संपला. सॉफ्टवेअरच्या यादीत मंगलोरी नव्हतीच. स्पॅनिश होती, ती घेतली. लांबून फरक कळत नाही, आणि जवळून बघायला छप्पर कुठे होतं?

खरी परीक्षा पडवीची. घराच्या पुढे सहा फूट पडवी, आणि तिच्यावर वेगळं छप्पर नाही. मुख्य पाखंच तसंच पुढे उतरत जातं. आता हिशेब बघा. भिंतीवर दहा फूट उंचीला पाखं सुटलं. बाराला सात या उताराने सहा फुटांत ते साडेतीन फूट उतरलं, म्हणजे पडवीच्या कडेला साडेसहा फूट राहिले. त्यापुढे पाऊस आत येऊ नये म्हणून दोन फूट वळचण. ती आणखी चौदा इंच उतरली. राहिले पाच फूट चार इंच. माझी उंची पाच पाच. नवऱ्याबद्दल बोलायलाच नको.

सॉफ्टवेअरला हे मंजूर नव्हतं. ते पडवीलाही खोलीच समजे, आणि एकदा खोली म्हटली की तिच्या भिंती घराइतक्याच उंच, पाखं तिथून सुटणार, आढं आणखी पुढे सरकून वर जाणार. मी रात्री बसून ते पाखं हाताने खाली ओढायची, कोपरे जुळवायची, पाणी प्यायला उठायची. आणि मग सहज एखादं दार चार इंच सरकवलं की 'आपोआप'वाली टिचकी जागी व्हायची. हाताने केलेलं सगळं पुसून नवं कोरं छप्पर, परत वर. एका रात्रीत हे पाच वेळा झालं. सरकारी कचेरीत चार खिडक्या फिरून पाचव्या खिडकीत पहिलाच फॉर्म हातात द्यावा, तसं. वळचणीचं पाणी आढ्याला जाणं म्हणजे काय, ते मी शाळेत वाक्यात उपयोग करून पाच मार्कांना लिहिलं होतं. इथे रोज रंगीत त्रिमितीत पाहत होते.

शेवटी तात्यांनाच विचारलं, की तात्या, जुन्या पडवीची उंची किती होती हो? आत येताना डोकं आपटत नव्हतं?

"आपटा," तात्या म्हणाले. "म्हणान वाकान येवचा."

"पण मग पाव्हणेरावळे?"

"ते पण वाकान येयत. कलेक्टर येयत तर तो पण." मग जरा थांबून, "तुझो बापूस पंधरा वर्सांचो होवन पयल्यांदा मुंबैसून इलो ना, आपाटलो. ताठ इल्लो."

ही बाबांची गोष्ट मला कोणी कधी सांगितली नव्हती. बाबांच्या कपाळाला डाव्या बाजूला एक खूण होती, ती गिरणीतली असावी असं आम्ही धरून चाललो होतो. मी पाच फूट चार इंच कायम केले. ती 'आपोआप'वाली टिचकीही काढून टाकली. ती काढता येते हे मला बाविसाव्या दिवशी समजलं, आणि ती रकान्याच्या अगदी वरच, पहिलीच होती. याबद्दल मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

उरले आठ दिवस. घर झालं होतं, मला जरा चेव आला. म्हटलं, नुसतं घर काय, आवार पण दाखवू. जागा दहा गुंठे, भोवती चिऱ्यांचा गडगा. गडगा काढायला वेगळं हत्यार सापडेना, म्हणून भिंतीच्याच हत्याराने चारी बाजू काढल्या, शेवटचा कोपरा नीट जुळवला (फटीचा धडा मी विसरले नव्हते), आणि चित्र एकदा ताजं करून बघू म्हणून ती टिचकी क्षणभर, फक्त क्षणभर, परत लावली.

चारी बाजूंनी बंद ती खोली. दहा गुंठ्यांची खोली! दहा हजार आठशे नव्वद चौरस फुटांवर एक अखंड चौपाखी छप्पर उगवलं. घर त्याच्या पोटात. दोन हापूस, सात माड, फणस, विहीर, सगळं त्याच्या पोटात. मधोमध आढं तीस फूट वर, आणि त्यातून सगळ्यांत उंच माडाचा शेंडा कौलं फोडून बाहेर. दादर स्टेशनच्या फलाटांवर मिळून एवढं छप्पर नसेल, आणि आमचा डबा जिथे थांबतो तिथे तर ते नाहीच.

चुकून हे चित्र ग्रुपवर गेलं. गंमत म्हणजे आजवरच्या सगळ्या चित्रांत हेच लोकांना आवडलं. ठाण्याच्या चुलतभावाने टाळ्या पाठवल्या. आत्येबहिणीने विचारलं की मंगल कार्यालय म्हणून भाड्याने देता येईल का. तात्या बराच वेळ बघत असावेत, कारण दोन निळ्या रेघा दुपारी आल्या आणि आवाज संध्याकाळी आला, "माकडां येवची नाय ह्यात. पण पाणी खंय जातला?"

हा त्यांचा एकच प्रश्न. पहिल्या दिवसापासून प्रत्येक चित्राला तोच. गडग्याचं छप्पर काढून मी पुन्हा घराचं चित्र पाठवलं, तरी तोच. मी चिडून नीट बघितलं, तर काटकोनात वळलेल्या स्वयंपाकघराचं पाखं आणि माजघराचं पाखं जिथे मिळतात त्या पन्हळीत दोन्हीकडचं पाणी एकत्र येत होतं आणि बरोबर मागच्या दारावर पडत होतं. श्रावणात जी बाजू बसली ती हीच. तीस दिवसांतले सत्तावीस दिवस मी उतार, वळचण, आढं करत होते, आणि मागचं दार त्या पाण्याखाली मी स्वतः ठेवलं होतं, जुनं होतं तिथेच. दार चार फूट सरकवलं. टिचकी बंद होती. छप्पर हललं नाही. मी रात्री दोन वाजता एकटीच टाळ्या वाजवल्या, आणि वरून काकूंनी फरशीवर काहीतरी आपटलं.

तिसाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मोठ्या कागदावर प्रिंट काढल्या, गुंडाळी करून रातराणीने कुडाळला पाठवल्या. आठवड्याने गावच्या गवंड्याचा अंदाजपत्रकाचा कागद तात्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाया, चिरे, वासे, रिपा, कौलं, सगळं ठीक. सातव्या ओळीवर माझी नजर अडकली. मी धावत जाऊन प्रिंट उघडली. अंगणात तुळशीवृंदावन होतं. ते मी कधीतरी सुरुवातीच्या रात्रींत भिंतीच्याच हत्याराने काढलं होतं. दोन फूट बाय दोन फूट. चारी बाजूंनी बंद.

'तुळशीवरील चौपाखी छप्पर, कौलांसह, 1 नग,' असं गवंड्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि पुढे साडेचार हजार. मी घाईघाईने ग्रुपवर लिहायला घेतलं की ते चुकून आलंय, काढून टाका. त्याच्या आधीच तात्यांचा आवाज येऊन पडला होता.

"तुळशीचा र्‍हवांदे. पाणी बरोबर चारय बाजूंक जाता."