नवीन लॅपटॉपवर बीटा टाकायचा "हाच तो टाइम"? अजिबात नाही

एक सल्ला सध्या जिकडेतिकडे फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेलच. थोडक्यात असा: नवीन लॅपटॉप घेतला की लगेच विंडोज किंवा मॅकओएसचा बीटा (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, ओएसची, फायनल होण्याआधी चाचणीसाठी सोडलेली कच्ची आवृत्ती) टाकून घ्या, कारण मशीन रिकामं असतं, जायला डेटाच नाही, बिघडलं तर रिसेट मारा, वॉरंटीला काही होत नाही, नवीन हार्डवेअरला नवीनच ओएस लागते, फीचर्स सगळ्यांच्या आधी मिळतात आणि वर तुमच्या फीडबॅकमुळे ओएस सुधारते. ऐकायला एकदम पटतं. एकेक मुद्दा घेऊ.

वॉरंटीचं खरं आहे, ते आधीच मान्य करतो. बीटा टाकला म्हणून हार्डवेअर वॉरंटी रद्द होते ही उलट्या बाजूची भीतीसुद्धा लोक पसरवतात आणि ती चुकीची आहे, ॲपलने तर पब्लिक बीटाच्या माहितीत हे स्पष्टच लिहिलंय. वॉरंटी कागदावर शाबूत राहते. ती वापरायची वेळ आली की काय होतं हा वेगळा प्रश्न, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

"रिकामं मशीन आहे, जायचंय काय?" जायचीये ती रिप्लेसमेंटची मुदत. ऑनलाइन घ्या नाहीतर दुकानातून, बदलून मिळण्याचे दिवस मोजकेच असतात, आणि ते दिवस फीचर्स बघायचे नसून मशीन तपासायचे असतात. स्क्रीन मधूनच फ्लिकर होते का, झाकण बंद करून उघडलं की वायफाय परत जोडलं जातं का, रात्रभर स्लीपवर ठेवलं तर सकाळी बॅटरी किती उरते, काही काम चालू नसताना फॅन का ओरडतोय. आता कुठल्याही बीटाच्या रिलीज नोट्समधली नोन इश्यूजची यादी उघडून बघा, त्यात हेच सगळं असतं. स्लीपमधून उठत नाही, ब्लूटूथ तुटतं, बॅटरी लवकर उतरते. म्हणजे तुमच्या नव्याकोऱ्या मशीनची बॅटरी भराभर उतरत असेल तर दोष बॅटरीचा की बिल्डचा (बीटाच्या त्या आवृत्तीचा) हे तुम्हाला कळणार नाही, कस्टमर केअरवाल्यालाही कळणार नाही, तो म्हणणार आधी ओरिजिनल ओएस टाका मग बघू, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर आहे. काटा तपासायचा तर माप तरी पक्कं पाहिजे ना, इथे काटाही नवा आणि मापही कच्चं. पुढच्या बिल्डमध्ये फिक्स होईल म्हणून तुम्ही थांबता आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

आणि रिकामं मशीन रिकामं राहतं किती वेळ? पहिल्याच दिवशी तुम्ही अकाउंटने साइन इन करता, वनड्राइव्ह किंवा आयक्लाउड सिंक सुरू होतं, ब्राउझरमधून पासवर्ड येतात, झालं, तुमचं सगळं घर तिथे आलं. शिवाय बीटा फक्त स्वतःच्याच फाइली बिघडवतो असं कुणी सांगितलं? जानेवारी २००९ मध्ये विंडोज ७ चा पब्लिक बीटा आला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं (आणि तो होताही चांगला, व्हिस्टाच्या मानाने तर स्वर्ग), पण त्यातला मीडिया प्लेयर एमपीथ्री फाइलींमध्ये अल्बमची माहिती भरताना सुरुवातीचे काही सेकंदच उडवत होता. मायक्रोसॉफ्टला तातडीने पॅच काढावा लागला. इतक्या चांगल्या बीटाची ही गोष्ट.

आता "बिघडलं तर रिसेट मारा". इथे सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी मागे जाऊन बघितलंय का अशी शंका येते. विंडोजमध्ये गो बॅकचं बटण असतं पण साधारण १० दिवसच, आणि तेही आधीच्या बिल्डवर नेतं. मध्ये दुसरा बीटा बिल्ड इन्स्टॉल झाला की "आधीचं" म्हणजे जुना बीटाच, स्टेबल नाही. रिसेट धिस पीसी मारलं तरी साधारणपणे जी ओएस आत आहे तीच पुन्हा बसते. विंडोजचे बीटा वेगवेगळ्या चॅनलमधून येतात, त्यातल्या देव (Dev) आणि कॅनरी या सगळ्यात कच्च्या चॅनलमधून बाहेर पडायचं तर सहसा क्लीन इन्स्टॉल, म्हणजे सगळं पुसून ओएस नव्याने टाकणं, हाच रस्ता.

क्लीन इन्स्टॉल म्हणजे पेनड्राइव्ह बनवला की झालं असं वाटतं, आणि जुन्या मशीनवर खरंच तसं असतं. गंमत नव्या मशीनवर होते. वायफाय चिप इतकी नवीन असते की इन्स्टॉलरमध्ये तिचा ड्रायव्हरच नसतो, आणि विंडोज ११ चं सेटअप इंटरनेटशिवाय पुढे सरकायला तयार नसतं. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपवर तर सेटअपला एसएसडीच दिसत नाही, आधी इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर वेगळा पेनड्राइव्हवर आणून लोड करावा लागतो. त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन आजकाल आपोआप चालू असतं, त्यामुळे बूटमध्ये काही बदललं की निळी स्क्रीन ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. आणि घाईघाईत सगळी पार्टिशन्स डिलीट केली की कंपनीचं रिकव्हरी पार्टिशनही गेलं.

मॅकवाल्यांनी हसू नये. बीटावरून मागे यायचं तर डिस्क इरेज करूनच, बीटावर घेतलेला टाइम मशीन बॅकअप जुन्या व्हर्जनवर चालेलच असं नाही, आणि ॲपल सिलिकॉन (ॲपलच्याच चिपवाल्या) मॅकचं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, रिस्टोर करायची पाळी आली तर दुसरा मॅक हाताशी लागतो. घरात दुसरा मॅक किती जणांकडे असतो?

"नवीन हार्डवेअरला नवीन ओएस" हा मुद्दा लिनक्सवर अर्धा खरा आहे, तिथे नव्या चिपला नवा कर्नल (ओएसचा गाभा) लागतो, पण नवा म्हणजे कच्चा नव्हे. विंडोज लॅपटॉप तर ज्या व्हर्जनसह विकला जातो त्याच व्हर्जनवर कंपनीने त्याचे ड्रायव्हर तपासलेले असतात. तुम्ही बीटा टाकता म्हणजे त्या तपासलेल्या जोडीतून स्वतःहून बाहेर पडता.

फीचर्स आधी मिळतात? कधीकधी. मायक्रोसॉफ्ट बीटातही फीचर्स टप्प्याटप्प्याने सोडतं, त्यामुळे एकाच बिल्डवरच्या दोघांपैकी एकाला दिसतं आणि दुसरा सेटिंग्ज शोधत बसतो. बग मात्र दोघांना मिळतात. सप्टेंबर २०२१ मध्ये विंडोज ११ चे टेस्टर बसल्या जागी टास्कबार आणि स्टार्ट मेनू गमावून बसले, कुठलाही नवीन बिल्ड न टाकता, कारण मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवरून काहीतरी ढकललं होतं. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या यादीतली) एक नोंद उडवून रीस्टार्ट करा असा उपाय खुद्द कंपनीने दिला. आवड असणाऱ्याला यात मजा येते, मलाही येते, पण उद्या व्हायव्हा असणाऱ्या पोराला किंवा टॅक्स रिटर्नच्या शेवटच्या दिवशी डीएससी (डिजिटल सही) टोकन लावून बसलेल्या सीएला अजिबात येणार नाही.

राहिला फीडबॅक. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटायला आवडेल, पण ऑक्टोबर २०१८ आठवतं. विंडोज १० चं १८०९ अपडेट २ तारखेला आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइली उडाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, काही दिवसांतच ते थांबवावं लागलं, पुन्हा यायला १३ नोव्हेंबर उजाडला. नंतर लक्षात आलं की टेस्टर्सनी हे फीडबॅक हबमध्ये (तक्रारी नोंदवायच्या मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये) आधीच कळवलेलं होतं, फारशी मतं न पडल्यामुळे ते खाली दबून गेलं. तुमचा फीडबॅक वाया जातो असं मी म्हणत नाही, पण त्यासाठी तुमचं एकुलतं एक नवीन मशीन पणाला लावायची गरज नाही.

टेस्टिंगचा खरा उपयोग बघायचा तर २०२४ चं एक्सझेड प्रकरण बघा, एक्सझेड ही लिनक्सवर फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. त्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये कुणीतरी बॅकडोर (चोरून आत शिरायचा रस्ता) घुसवला होता, आणि तो लिनक्सच्याच डेबियन आणि फेडोरा या प्रकारांच्या कच्च्या शाखांत, म्हणजे डेबियनच्या टेस्टिंग-अनस्टेबलमध्ये, फेडोरा रॉहाइडमध्ये, फेडोरा ४० बीटामध्ये पोहोचला, स्टेबल व्हर्जनवाले वाचले. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित जोडणीचं) लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून तो खोदत गेला आणि सापडलं. कच्च्या शाखा वापरणारे होते म्हणून ते पकडलं गेलं हे खरंच, पण धोकाही त्यांनीच अंगावर घेतला, आणि तो माणूस डेटाबेसवर काम करणारा मुरलेला डेव्हलपर होता, कॉलेजसाठी काल लॅपटॉप घेतलेला नव्हे.

बीटा बघायचाच असेल तर रस्ते आहेत. जुना लॅपटॉप असेल तर तो. नसेल तर व्हर्च्युअल मशीन (आहे त्या ओएसच्या आत चालणारं आभासी मशीन), त्यासाठीचं व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून टीपीएमही (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) देतं त्यामुळे विंडोज ११ बसतं. मॅकवर वेगळा एपीएफएस व्हॉल्यूम (त्याच डिस्कचा वेगळा कप्पा) किंवा बाहेरची एसएसडी. उबुंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) बीटा लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट, चालवा, डिस्कला हात लावायची गरजच नाही, आणि इन्स्टॉल केलात तरी नेहमीची अपडेट्स घेत घेत तोच फायनल होतो, ही सोय मात्र विंडोजवाल्यांनी शिकण्यासारखी आहे. आणि नव्या विंडोज मशीनवरच हवं असेल तर बदलून मिळायची मुदत संपू द्या, रिकव्हरी की आणि वायफाय-स्टोरेजचे ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा, मग रिलीज प्रिव्ह्यू (जवळजवळ फायनल) चॅनल घ्या, देव किंवा कॅनरी नको. आणि इनसायडर (विंडोजच्या बीटा कार्यक्रमाच्या) सेटिंग्जमध्ये पुढचं व्हर्जन आलं की प्रिव्ह्यू बंद करा असा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी ऑन करून ठेवा.