तुमचा माणूस नेमका किती टक्के?

घरात कुणी स्वमग्न, बौद्धिक अक्षम किंवा सेरेब्रल पाल्सीचं असेल आणि त्याने आपल्याच वस्तीत, चार माणसांत मिसळून जगावं अशी भलती इच्छा तुम्हाला झाली असेल, तर आधी अभिनंदन. यासाठी लागणाऱ्या सेवा असतात, असं ऐकिवात आहे. त्या कशा पदरात पाडून घ्यायच्या हे सांगायला मी अगदी लायक आहे, कारण गेल्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाला एका डे केअर केंद्राने मोठ्या प्रेमाने नकार दिला.

सुरुवात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापासून. त्याशिवाय तुमचा माणूस अस्तित्वातच नाही. 40 टक्के अपंगत्व ही लक्ष्मणरेषा. तिच्या अलीकडे राहिलात तर बहुतेक योजनांच्या लेखी तुम्ही ठणठणीत. तेव्हा टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायच्या दिवशी त्याला शहाण्यासारखं वागू देऊ नका. घरी तो सगळ्यांची अंथरुणं घालतो, फोन उचलून ‘ताई नाही’ म्हणतो, असलं काही बोलून जाऊ नका. आमचे बंधुराज नेमके डॉक्टरांना वाकून नमस्कार करते झाले. मी मनातल्या मनात टक्के मोजत बसले. आणि डाऊन सिंड्रोमच्या लहान मुलाला तात्पुरतं प्रमाणपत्र दिलं तर कुरकुर नको. जन्मापासूनचं ते जास्तीचं गुणसूत्र मध्येच निघून गेलं तर शासनाची फसवणूक व्हायची!

झेरॉक्स काढा. अजून काढा.

त्याला 18 वर्षांचा होऊ देऊ नका, हा माझा सर्वात कळकळीचा सल्ला. मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18. पुढे शाळा हात जोडते. बँक म्हणते, सज्ञान झाला, आता सही त्याचीच हवी. त्याची सही दर वेळी वेगळी. मग करा कायदेशीर पालकत्वाचा अर्ज. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते. 18 वर्षं आई-वडील असलेली माणसं एका रात्रीत अर्जदार होतात. समितीची बैठक कधी आहे, असं मात्र विचारू नये. वाईट दिसतं.

निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, 1 लाखापर्यंतची. ती आहे हे तुम्हाला कुणी आपणहून सांगितलं असेल तर त्या माणसाचे पाय धरा.

आता केंद्र. इथे बोर्डापुढचं सगळं नाटक उलटं करायचं. फॉर्मवर प्रश्न असतात: स्वतः जेवतो का, शी-शूचं सांगतो का, एका जागी बसतो का, रागावतो का. म्हणजे ज्याचे टक्के वाढावेत म्हणून देव पाण्यात घातले होते, त्याचेच आता खाली आणायचे. आमचं नेमकं तिथेच चुकलं. मॅडम टेबलापलीकडून त्याच्या डोक्यावरून मला विचारत होत्या, “याला समजतं का?” तो त्यांच्या टेबलावरची पेनं एका रांगेत लावत होता, टोपणं नीट बसवून. एकाचं टोपण सापडेना म्हणून टेबलाखाली वाकून शोधून आणलं त्याने. तेवढ्यात घंटा झाली. साधी नाही, कानठळ्या बसवणारी. त्याने दोन्ही हातांनी कान दाबले आणि डोलायला लागला. “ॲग्रेसिव्ह होतो का हो?” कान झाकणारा माणूस ॲग्रेसिव्ह! फॉर्मवर ‘वर्तनसमस्या’पुढे खूण झाली आणि निकाल लागला. “आम्ही स्वतःचं स्वतः करणारीच घेतो. स्टाफ नाही ना.”

स्टाफ नाही, हे मला कळतं. तिथल्या ताईंना काय पगार मिळतो तेही मला दिसतं. पण स्वतःचं सगळं स्वतः करता आलं असतं तर तो तुमच्या दारात कशाला आला असता? पोहता येणाऱ्यालाच ट्यूब देणार का तुम्ही? एका खिडकीवर अपंगत्व पुरेसं नाही, दुसऱ्या दारात ते जरा जास्तच आहे. मग त्याने जायचं कुठे?

कुठे जायचं तेही मॅडमनी सांगितलं. “तुम्ही घरीच असता ना ताई?”

बास. एवढ्या एका प्रश्नावर सगळा कारभार चाललाय. घरी एक बाई असते. आधी आई, ती थकली की बहीण. तिची नोकरी, तिचं आजारपण, तिचं म्हातारपण कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. ती आहे म्हणून केंद्र नाही, मदतनीस नाही, दुपारची चार तासांची सोय नाही. आणि ती गेल्यावर काय, असं विचारलं की सगळे गंभीर चेहरा करून छताकडे बघतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 वाचलंय का कुणी? समाजात राहण्याचा हक्क, आणि त्यासाठी घरी व बाहेर लागणाऱ्या सेवा, मदतनीसासकट. हक्क म्हटलंय, उपकार नाही. दर 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनी, बॅनर लावता, हार घालता, आमच्या मुलांना स्टेजवर नाचवता. स्थानिक संस्थांकडे दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी असतो. त्यातून बिनघंटेची एक खोली आणि प्रशिक्षण घेतलेली दोन माणसं उभी करा की! आणि याला समजतं का, हे मला विचारू नका. समोर बसलाय तो. त्याला विचारा.