‘रोज फोनवर अभ्यास घ्या’ म्हणे! एका नेव्हीवालीच्या बापाचं उत्तर

गेलं वर्षभर अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘मूल अमेरिकन नेव्हीच्या न्यूक्लिअर प्रोग्रामला निघालंय? आधी हे वाचा’ अशी सुरुवात, खाली कुणाचं नाव नाही, शेवटी जोडलेले हात तीनदा. मला तो आजवर पाच जणांनी पाठवला. पाचांपैकी चौघांची मुलं अजून शाळेत आहेत. या प्रोग्रामात नौदलाच्या जहाजांवरच्या आणि पाणबुड्यांवरच्या अणुभट्ट्या चालवायला शिकवतात. आमची मुलगी या प्रशिक्षणातून पार पडून आता विमानवाहू जहाजावर आहे, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

मेसेजचा गाभा हा: ‘हा देशातला सर्वांत अवघड अभ्यासक्रम. आईवडिलांनी रोज फोनवर अभ्यास घेतला तरच मूल टिकतं. दहावी-बारावीला जसे बसलात तसेच बसा.’

बसायचं कुठे? इलिनॉयमधल्या ग्रेट लेक्सच्या बूट कॅम्पमध्ये, म्हणजे भरतीनंतरच्या पहिल्या प्रशिक्षणात, नऊ-दहा आठवडे मुलं फोनला जवळजवळ मुकतात, तिथे मुख्य आधार पत्राचा. मग साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनजवळ गूस क्रीकला ‘ए स्कूल’, म्हणजे आपापल्या शाखेचं सुरुवातीचं शिक्षण. मेकॅनिकची शाखा असेल तर सुमारे तीन महिने, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स असेल तर सहा. त्यानंतर सहा महिने पॉवर स्कूल, म्हणजे अणुभट्टीमागचं सगळं शास्त्र वर्गात बसून, आणि पुढे सहा महिने प्रोटोटाइप, म्हणजे चालत्या अणुभट्टीवर प्रत्यक्ष काम. पॉवर स्कूलमध्ये आठवड्याला ४० ते ४५ तास वर्ग असतात आणि वर १० ते ३५ तासांचा जादा अभ्यास. पण तो अभ्यास खोलीवर होत नाही. वह्या-पुस्तकं गोपनीय असल्यामुळे इमारतीबाहेर येत नाहीत, आणि फोन इमारतीत जात नाही. स्वतःच्या हाताने लिहिलेली वहीसुद्धा मूल घरी आणू शकत नाही. तुम्ही फोनवर ‘आज कोणता चॅप्टर झाला?’ विचारणार आणि समोरून काय उत्तर येणार?

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनिअर. हीट ट्रान्सफर म्हणजे आपला हातखंडा विषय, या भ्रमात मी पहिल्याच रविवारी कागद-पेन घेऊन फोनला बसलो. पोरगी पाच मिनिटं ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, वहीत काय आहे ते मी तुला सांगू शकत नाही. आणि आठवडाभर मी हेच केलंय रे. तू मला जेवलीस का विचार ना.” बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला तो तिथेच.

‘सर्वांत अवघड’ याबद्दलही थोडं. विषय गणित, अणुभौतिकी, रसायन, धातू, उष्णता, वीज, किरणोत्सर्गापासून संरक्षण असे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात तितके खोलवर ते जात नाहीत. घाम फोडतो तो वेग. सोमवारी शिकवलेलं शुक्रवारी तुमच्याकडून लेखी मागतात, तेही पर्यायांवर टिकमार्क करून नाही, सगळी मांडणी दाखवून. गुण ४ पैकी, पास व्हायला २.५. शाळेत न वाचता पहिले येणारे हुशार इथे पहिल्या महिन्यात गडगडतात. अभ्यास कसा करायचा हे त्यांना कधी शिकावंच लागलेलं नसतं, आणि ते शिकायची वेळ नेमकी इथे येते. तेव्हा आईबापाने ‘तू तर शाळेत पहिली यायचीस’ म्हणणं म्हणजे भाजल्यावर मीठ चोळणं. मी ते म्हटलं आहे. एकदाच.

प्रोटोटाइपला तर पुस्तकापेक्षा तोंडी परीक्षाच जास्त. एकेक यंत्रणा समजून घ्यायची, जाणकारापुढे उभं राहून समजावून सांगायची, पटलं तर तो कार्डावर सही देणार. अशा सह्या गोळा करत करत शेवटी परीक्षकांच्या बोर्डासमोर उभं राहायचं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, त्याही फिरत्या. चार्ल्स्टनला ‘ला होया’ आणि ‘सॅन फ्रान्सिस्को’ या जुन्या पाणबुड्या धक्क्याला कायमच्या बांधून त्यांच्यावर शिकवतात. काही मुलांना न्यूयॉर्कमधल्या बॉलस्टन स्पाला धाडतात. या सहा महिन्यांत मूल कधी झोपलेलं असतं हे आपल्याला कळत नाही. आम्ही फोन करणं सोडून दिलं आणि तिच्या फोनची वाट बघायला लागलो. मंगळवारी पहाटे तीनला आला तर पहाटे तीनला. दर पंधरा दिवसांनी एक खोकं जायचं: चिवडा, बेसनाचे लाडू, लसणाची चटणी. चटणीवर सगळ्या मजल्याचा डोळा असे म्हणे.

मेसेजातला दुसरा दावा: ‘नापास झालं की हकालपट्टी आणि कागदावर जन्माचा काळा डाग.’ आधी जादा तास लावतात, शिक्षक एकेकट्याला घेऊन बसतात. तरीही जमलं नाही तर मुलाला न्यूक्लिअरमधून काढून नेव्हीतल्याच दुसऱ्या कामावर पाठवतात. कोणत्या, ते नेव्हीची गरज ठरवते, मुलाची आवड नाही. हा खरा तोटा, आणि करार तर पुरा करावाच लागतो. पण अभ्यासात मागे पडणं हा गुन्हा धरत नाहीत. तिच्या वर्गातला एक मुलगा असाच बाहेर पडून दुसरीकडे गेला आणि तिथे मजेत आहे. त्याच्या घरच्यांनी मात्र तीन महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तिसरा दावा, आणि माझ्या मते सगळ्या मेसेजातला सर्वांत घातक: ‘ताण आला तरी समुपदेशकाकडे जाऊ देऊ नका, सुरक्षा मंजुरी जाते, करिअर संपतं.’ (सुरक्षा मंजुरी म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी.) ज्याने हे लिहिलं त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे की हे वाक्य तरी खोडा. मंजुरीच्या फॉर्मवरच छापलेलं असतं की मानसिक आरोग्यासाठी मदत घेणं हे केवळ तेवढ्यावरून मंजुरी नाकारण्याचं कारण नाही. हेही सांगतो, कारण अर्धं सत्य मलाही नको: काही निदानं आणि काही औषधं अशी आहेत की त्यांमुळे न्यूक्लिअरचं काम काही काळ किंवा कायमचं थांबू शकतं. भीती तिथूनच पसरते. पण अणुभट्टीवरचं काम गेलं तर दुसरं मिळतं. २०२१ साली ब्रँडन कॅसर्टा या तरुण नौसैनिकाच्या नावाने कायदा झाला. त्याने २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या नौदल तळावर स्वतःला संपवलं, त्याच्या आईवडिलांनी हा कायदा पाठपुरावा करून करवून घेतला. त्यानुसार सैनिक वरिष्ठाला नुसतं सांगून, कारण न देता, कधीही मानसिक तपासणी मागू शकतो. चॅपलेनकडे, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूकडे, बोललेलं तर पूर्ण गुप्त राहतं, आणि त्यासाठी ख्रिश्चन असावं लागत नाही. आमची लेक दोनदा जाऊन बसली होती. ९८८ वर फोन करून १ दाबला की सैनिकांसाठीची मदत मिळते, हा नंबर मेसेजात टाकला असता तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

चौथा दावा: ‘मुलींना पाठवू नका, किरणोत्सर्गाने पुढे मुलं होत नाहीत.’ प्रत्येकाच्या अंगावर किरणोत्सर्गाचा डोस मोजणारं यंत्र असतं, नोंदी ठेवल्या जातात, आणि अणुभट्टीमुळे मिळणारा सरासरी डोस आपण घरात बसून निसर्गाकडून घेतो त्यापेक्षा कमी भरतो. पाण्याखालच्या पाणबुडीत तर अवकाशातून येणारे किरण पाणीच अडवतं. गर्भवतींसाठी मर्यादा आणखी कडक आहे. पाणबुड्या स्त्रियांना २०१० मध्ये खुल्या झाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ‘न्यू जर्सी’ नावाचीच पाणबुडी नौदलात दाखल झाली, स्त्री-पुरुष दोघांसाठी मुळापासून आखलेली पहिली. मेसेज लिहिणारा बहुधा त्या दिवशी शेजारच्याच मॉलमध्ये असावा.

‘अणुबॉम्ब सांभाळायचं काम’ हे सरळ चूक. ही मुलं अणुभट्टी चालवतात. तिच्या वाफेवर जहाज चालतं आणि वीज तयार होते. ‘ॲडमिरल स्वतः मुलाखत घेतो’ हे ऑफिसर होणाऱ्यांपुरतं खरं. अमेरिकेचं अणुशक्तीवरचं नौदल उभं करणाऱ्या ॲडमिरल रिकोव्हरने ती पद्धत घातली, ती आजही चालू आहे. साधी भरती होणाऱ्यांना ते दिव्य नाही. ‘फुकट डिग्री’ नाही, कॉलेजची क्रेडिट्स मिळतात. किती मान्य करायची ते कॉलेज ठरवतं. आणि ग्रीन कार्डवर या शाखेत जाता येत नाही, नागरिकत्व लागतं. मेसेजात नेमकं एवढंच नाही.

‘काही झालं तर थेट कमांडरला फोन लावा.’ नका लावू. घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण असेल तर अमेरिकन रेडक्रॉसला कळवायचं (१-८७७-२७२-७३३७). ते दवाखान्यात खातरजमा करून युनिटला निरोप देतात, भारतातल्या आजारपणासाठीसुद्धा. रजा द्यायची की नाही हा निर्णय युनिटचा.

राहता राहिला शेवटचा दावा, ‘भारत कायमचा तुटतो.’ तुटत नाही. परदेशी जायचं तर आधी कळवावं लागतं, रजा मंजूर करून घ्यावी लागते, आणि जवळचे संबंध असलेले परदेशी नातेवाईक मंजुरीच्या फॉर्मात नोंदवावे लागतात. त्या फॉर्मापायी आमच्या घरी वेगळीच धमाल झाली. सांगलीच्या आजीची जन्मतारीख १ जून, मोठ्या मामाची १ जून, मावशीचीही १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहायची आपल्याकडची रीत अमेरिकन सरकारला कशी समजावणार? पोरीने तपासायला आलेल्या माणसाला समोरासमोर सांगितलं, त्याने लिहून घेतलं, झालं.

प्रोटोटाइप संपल्यावर रजा मंजूर करून ती दहा दिवस सांगलीला जाऊन आली. आजीने विचारलं, बोटीवर नक्की करतेस काय? म्हणाली, “वीज तयार करते, आजी.” आजी म्हणाली, “मग इथंच राहा की. आमच्याकडं गुरुवारी दिवसभर नसते.”