मरीयेच्या गीतावर इंग्रजांची बंदी? कुठल्या कायद्याने?

डिसेंबर लागला की तो मेसेज फिरायला लागतोच, यंदाही शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत सगळ्या ग्रुपवर येऊन गेला. म्हणे इंग्रजांनी भारतातल्या चर्चमध्ये मरीयेचं गीत (बायबलमध्ये येशूच्या आईच्या तोंडी असलेलं स्तुतिगीत) म्हणायला बंदी घातली होती, कारण त्यात सत्ताधाऱ्यांना गादीवरून खेचल्याची ओळ आहे, आणि त्यांचं राज्य संपलं त्या दिवशी गांधीजींनी जिथे जिथे झेंडा उतरतोय तिथे ते वाचायला सांगितलं. खाली शेपूट, हे कॅथलिकांचं, मरीयेच्या पूजेचं गीत.

आधी बंदी. मेसेजमध्ये ना साल, ना कायदा, ना हुकूम काढणाऱ्या साहेबाचं नाव. इंग्रजांचं चर्च अँग्लिकन, त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात १५४९ पासून हे गीत रोजच्या सायंप्रार्थनेत छापलेलं, १६६२ ची आवृत्ती तर कायद्यानेच लागू केलेली. त्याऐवजी स्तोत्र ९८ म्हणायची सवलत होती, त्यामुळे एखाद्या पाद्र्याने टाळलंही असेल, पण टाळणं वेगळं नि बंदी वेगळी.

आपलं शरणपूरच घ्या ना. १८५४ मध्ये सीएमएसच्या (चर्च मिशनरी सोसायटी) मिशनऱ्यांनी वसवलं, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथे शिकली, त्यातलाच जेकब वेनराइट, १८७३ मध्ये मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा दफनाची प्रार्थना यानेच वाचली आणि झाडावर लिव्हिंगस्टनचं नावही यानेच कोरलं. सीएमएस म्हणजे अँग्लिकनच, पुस्तक तेच. दीनांना वर उचलणारं गीत ज्यात आहे ते पुस्तक गुलामीतून सुटलेल्या पोरांपुढे इंग्रजच ठेवत होते की! मला तर हेच जास्त टोचतं, साहेब लोक पुढच्या बाकावर बसून 'भुकेल्यांना पोटभर, श्रीमंतांना रिकाम्या हाती' ऐकायचे नि सोमवारी सारावसुली चालूच.

गांधीजी १५ ऑगस्ट १९४७ ला कलकत्त्यात बेलियाघाटला होते, उपास, प्रार्थना, सूतकताई. त्यांचं समग्र लिखाण शंभर खंडांत छापलंय, फॉरवर्ड करणाऱ्याने खंड आणि पान तेवढं टाकावं.

राहिली पूजा. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, पहिला अध्याय, ओवी ४६ ते ५५ उघडा, 'माझा जीव प्रभूला थोर मानतो' इथून सुरुवात, मरीया स्वतःला दासी म्हणते, स्तुती सगळी देवाची, आणि बराचसा सूर जुन्या करारातल्या हन्नाच्या गीताचा. कॅथलिक संध्याकाळी म्हणतात, अँग्लिकनही संध्याकाळीच, ऑर्थोडॉक्स मंडळी तर सकाळीच म्हणून मोकळी होतात.