इंडेंटेशनच्या जोरावर टीममध्ये वजन कसं वाढवावं

टीममध्ये नवीन आहात आणि कोडमधलं अजून ओ की ठो कळत नाही? बिलकुल घाबरू नका. दुसऱ्याचं लॉजिक समजून घ्यायला दिवस जातात. ओळी सरळ की वाकड्या, हे लांबूनही दिसतं. तेव्हा पहिल्याच रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, इंडेंटेशनवर (ओळी किती आत सरकवल्यात यावर) बोट ठेवा. या विषयात मत देण्यासाठी कोड वाचावा लागत नाही.

आधी पक्ष निवडा: ओळ आत सरकवायला टॅबची कळ की स्पेसची. टॅबवाले व्हायचं असेल तर लिनक्स कर्नलचा (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) दाखला द्या. तिथे टॅब आठ अक्षरांचा. त्याच नियमावलीत असंही आहे की तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत शिरावं लागत असेल, तर आधी कोड सुधारा. हे मात्र बोलू नका, तुमचं स्वतःचं फंक्शन सातव्या पायरीवर आहे. स्पेसवाल्यांसाठी पायथन भाषेची पेप ८ ही नियमावली आहेच: चार स्पेस, विषय संपला. शिवाय स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या २०१७ च्या पाहणीत स्पेसवाल्यांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा जास्त निघाला होता. स्पेस बार बडवल्याने पगार कसा वाढतो असं कोणी विचारलं, तर त्याला अप्रेझलपर्यंत थांबायला सांगा.

मेकफाइल (प्रोग्रॅम बांधणाऱ्या ‘मेक’ या साधनाच्या सूचनांची फाइल) उघडली की मात्र गुपचूप टॅब दाबायचा. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं. टॅबची सक्ती नडतेय हे लक्षात येईपर्यंत डझनभर लोक ते वापरायला लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून सक्ती तशीच राहिली. त्या डझनभरांची सोय आपण सगळे अजून बघतोय.

ओळ ऐंशी अक्षरांचीच हवी, यावरही ठाम राहा. टेबलावर दीड हात रुंद मॉनिटर असला म्हणून काय झालं, आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावर ऐंशीच रकाने होते!

आता एक धोका. तुमची ऐट बघून कोणीतरी ॲपलचं प्रकरण काढेल. फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडकीला आलेलं. सर्व्हरची सही तपासणाऱ्या सी कोडमध्ये ‘गोटू फेल’ (थेट शेवटच्या ‘फेल’ भागावर उडी मार) ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. वरच्या इफला, म्हणजे ‘जर असं असेल तर’ या अटीला, कोणत्या ओळी तिच्या हे सांगणारे महिरपी कंस नव्हते. त्यामुळे पहिली ओळ इफच्या ताब्यात आणि दुसरी मोकाट, पण दोन्ही अगदी एकाखाली एक, सारख्याच आत सरकलेल्या. दुसरी ओळ दर खेपेला चालायची, सहीची खरी तपासणी तशीच राहून जायची, आणि एररचा आकडा शून्यच असल्याने ‘सगळं ठीक’ असा निरोप वर जायचा. आयफोन आणि मॅक अशा रीतीने कोणत्याही भामट्या सर्व्हरवर विश्वास टाकायला मोकळे. यावर तुमचं उत्तर तयार ठेवा: इंडेंटेशनमध्ये काही चूक होती का? नव्हती. तुमच्या रिव्ह्यूतून हा कोड एकही कॉमेंट न येता पास झाला असता. (जीसीसी या सी कंपायलरने २०१६ मध्ये अशा फसव्या इंडेंटेशनसाठी वॉर्निंग आणली. वॉर्निंग बंद कशा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

तुमचा खरा वैरी म्हणजे फॉरमॅटर, कोडची मांडणी आपोआप सरळ करणारं साधन. गो भाषेने गोफम्ट देऊन पोराबाळांच्या तोंडचा घास काढला: फाइल सेव्ह केली की वाद खलास. मग मीटिंगमध्ये बोलायचं काय, लॉजिकवर? म्हणून फॉरमॅटर येतोय असं दिसलं की विरोध करू नका, त्याच्या सेटिंग्जची समिती नेमा. पायथनचा ब्लॅक हा फॉरमॅटर ओळ ८८ अक्षरांची धरतो. ना ऐंशी, ना शंभर. यावर एक अख्खा स्प्रिंट (कामाचे दोनेक आठवडे) आरामात निघतो.

आणि समितीत हरलातच, तर शुक्रवारी संध्याकाळी अख्खा रेपो (सगळ्या कोडचा साठा) एका कमिटमध्ये (बदलांच्या एकाच नोंदीत) फॉरमॅट करून टाका. त्याच कमिटमध्ये तुमचे दोन-तीन छोटे बदलही सोडा; वीस हजार ओळींच्या डिफमध्ये (बदलांच्या यादीत) ते शोधायला कोणी बसत नाही. असला कमिट ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) वगळायला या नोंदी ठेवणाऱ्या गिटला सांगता येतं, पण तेवढं विसरा. मग बघा, कोणत्याही ओळीवर ब्लेम लावला तरी नाव तुमचंच. सहा महिन्यांनी ग्राहकांना व्याज दुप्पट लागायला लागलं, की मॅनेजरसकट सगळे तुमच्या डेस्कभोवती जमतील. तेव्हा शांतपणे सांगा, ‘मी फक्त टॅबच्या स्पेस केल्या.’