पिंग लागतंय म्हणून सर्व्हर धडधाकट?

जळगाव-भुसावळकडे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय : "पुढे लोड बॅलन्सर, मागे दोन सर्व्हर, हेल्थ चेकला पिंग. साइट बंद पडायचं नाव घेणार नाही." लोड बॅलन्सर म्हणजे आलेल्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा, आणि हेल्थ चेक म्हणजे सर्व्हर चालू आहे का ही त्याची तपासणी. नवी पोरं तसंच करून मोकळी होतात, म्हणून हे उत्तर.

आधी पिंग, म्हणजे यंत्र जागं आहे का हे विचारणारी नेटवर्कवरची हाक. पिंगला उत्तर ऑपरेटिंग सिस्टिम देते. अ‍ॅप लटकलेलं असलं तरी देते. रावेर-यावलच्या बागांत कंद कुजायला लागलेली केळीही काही दिवस हिरवीगार उभी असते, तसंच हे. एका केळी व्यापाऱ्याचं गाडीनोंदीचं अ‍ॅप आम्ही सांभाळायचो. एका सर्व्हरची डिस्क भरली. पिंग चालू, पोर्टही (अ‍ॅपचं जोडणीचं दार) उघडं, आणि राउंड रॉबिनमुळे, म्हणजे विनंत्या आळीपाळीने वाटल्यामुळे, जवळपास दर दुसरी नोंद ५०० ची (सर्व्हरमधल्या बिघाडाची) एरर घेऊन परत. भरलेले ट्रक काट्यावर खोळंबले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

एचए-प्रॉक्सी या लोड बॅलन्सरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या ओळीत 'चेक' लिहिलं नाही तर तपासणी होतच नाही. नुसतं 'चेक' लिहिलं तर टीसीपी जोडणी, म्हणजे पोर्टशी नुसता संपर्क, लागते का, एवढंच बघितलं जातं. एचटीटीपी तपासणी, म्हणजे पान मागून उत्तर बघणं, वेगळी लावावी लागते. मग २०० किंवा ३०० च्या घरातला उत्तराचा कोड आला तरच सर्व्हर पास. तपासणीचं पान त्या सर्व्हरचं स्वतःचं काम तपासणारं हवं. त्यात सगळ्यांचा सामायिक डेटाबेस गोवू नका. तो थोडा वेळ अडखळला तरी सगळे सर्व्हर एकदम बाद होतात आणि लोकांना ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') दिसतो.

"बंद पडायचं नाव नाही" हेही चूक. एचए-प्रॉक्सी मूळ सेटिंगवर दर २ सेकंदांनी तपासतो, सलग ३ वेळा नापास झाल्यावर सर्व्हर काढतो आणि २ वेळा पास झाल्यावर परत घेतो. मधले काही सेकंद विनंत्या मेलेल्या सर्व्हरकडे जातातच. घाईने एकाच अपयशावर काढायला लावलं, तर जरा हळू झालेला चांगला सर्व्हरही आत-बाहेर करत राहतो. बॅलन्सर म्हणून वापरतात त्या फुकटच्या एनजिनएक्सला तर स्वतःहून तपासणी नाही. तो खऱ्या ग्राहकाच्या फसलेल्या विनंतीवरून शिकतो, आणि सांगितल्याशिवाय ५०० ला अपयश धरत नाही.

"दोन सर्व्हर पुरे" म्हणणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. दोन्ही ७० टक्के भरलेले असतील, तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के येतात. तोही बसतो.

आणि बॅलन्सर एकच असेल तर तो गेला की सगळंच गेलं. त्यालाही जोडीदार द्या. कीपअलाइव्हडी हा प्रोग्रॅम लावून दोघांत एक आयपी (नेटवर्कचा पत्ता) फिरता ठेवा, म्हणजे एक गेला की तो दुसऱ्याकडे जातो.